रुईचा कोष आणि उजवा डोळा

शुक्रवारी संध्याकाळी कोष काळवंडला, आणि दुसऱ्या दिवशी शनिवार होता.

शनिवारी आमच्या दौंडात रुईच्या झाडांची खैर नसायची. मारुतीला रुईच्या पानांचा हार लागतो, आणि हार घालणारी माणसं उजाडायच्या आत पानं तोडून मोकळी होतात. आमच्या घरामागं, रेल्वेच्या भिंतीलगत रुईची चांगली दाट रांग होती. शनिवारी ऊन वर येईस्तोवर ती पार बोडकी व्हायची. आमचं घर बौद्धांचं, त्यामुळे हाराशी आमचा संबंध नव्हता. माझा संबंध होता पानांच्या खालच्या अंगाशी. तिथं एका तांबूस फुलपाखराच्या पट्टेरी अळ्या वाढायच्या, पानं खाऊन खाऊन फुगायच्या, आणि मग एखादी अळी पानाखाली उलटी लटकून कोष करायची. कोष हिरवा, बोटाच्या पेराएवढा, कानातल्यासारखे सोनेरी ठिपके असलेला. कितीतरी दिवस तो काहीच करत नाही. मग एका संध्याकाळी त्याचा हिरवा रंग जातो, आत मुडपून ठेवलेले पंख कवचातून दिसायला लागतात. असं झालं की दुसऱ्या सकाळी तो फुटतो.

तो फुटतानाचा फोटो मला हवा होता, आणि तोवर मी तो दर वेळी चुकवला होता. एकदा चहा प्यायला आत गेले तेवढ्यात, एकदा रोल बदलताना. एकदा तर शनिवारानंच घात केला. पानासकट कोष हारात ओवला गेला. आता मारुतीच्या गळ्यात जाऊन तो मी कसा शोधणार?

कॅमेरा जुना होता, यवतच्या एका स्टुडिओवाल्यानं लग्नं काढून काढून झिजवलेला. किड्यांचे फोटो काढायची वेगळी लेन्स मिळते हे मला माहीत होतं, आणि ती आपल्याला परवडणार नाही हेही माहीत होतं. मग पाबळला टेक्निकल शिकलेल्या माझ्या मावसभावानं लेथवर एक कडं करून दिलं. त्या कड्यानं साधीच लेन्स उलटी बसवायची. उलटी लेन्स लांबचं काही दाखवत नाही, पण चार बोटांवरची मुंगी शेळीएवढी दाखवते. त्रास एवढाच, की सगळं काम श्वासावर येतं. श्वास घेतला की किड्याची मिशी स्पष्ट आणि डोळा पुसट, सोडला की उलटं. आपणच पालथं पडून केसभर पुढं-मागं डुलायचं आणि नेमक्या जागी बटण दाबायचं. किड्याला त्याचं काही सोयरसुतक नसतं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, ही पोरगी झुडपात तोंड घालून हुंगते तरी काय?

त्याच सुमाराला डोक्यावर दुसरंही एक काम होतं, कोषापेक्षा कितीतरी मोठं. मी आयटीआय करून रेल्वेची असिस्टंट ड्रायव्हरची परीक्षा दिली होती आणि पास झाले होते. उरली होती फक्त मेडिकल, पुढच्याच शुक्रवारी. त्यात सगळा खेळ नजरेचा. इंजिनात बसणाऱ्याला दोन्ही डोळे चष्म्याविना स्वच्छ लागतात. तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा माफ नसते. माझ्या नजरेबद्दल घरात कुणाला शंका नव्हती. जी पोरगी पानाखालची अंडी मोजते, तिला तक्ता दिसणार नाही होय, असं आई म्हणायची.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. आप्पा रेल्वेत गँगमन होते. उन्हातान्हात रुळाखालची खडी ठोकायची, गाडी आली की हत्यारं घेऊन बाजूला व्हायचं, गाडी गेली की पुन्हा लाइनीवर. ड्रायव्हर लोक वरून कधी हात करायचे, कधी नाही. माझा निकाल लागला त्या दिवशी आप्पा एवढंच म्हणाले, ‘आता म्या बाजूला हुबा ऱ्हाईन, तवा वरनं माझी पोरगी हात करंल.’ हे वाक्य त्यांनी गँगमधल्या सगळ्यांना ऐकवलं, पानवाल्याला ऐकवलं, एसटीनं कवठे येमाईला जाऊन आत्यालाही ऐकवून आले. ते ऐकलं की माझा ऊर भरून यायचा आणि धडकीही भरायची, कारण ते खरं करून दाखवायची जबाबदारी माझी होती.

तर त्या शुक्रवारी संध्याकाळी मी मामांकडे गेले. मामा म्हणजे आमच्या मागच्या आळीतले धनगर गृहस्थ. त्यांच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. मामांनी चार-दोन ठेवून बाकीची काढून टाकली आणि नदीकडं शेत केलं. शनिवारचा हार त्यांनी कधी चुकवला नव्हता, आणि भिंतीलगतच्या रुईवर पहिला हात बहुतेक त्यांचाच पडायचा.

‘मामा, उद्या त्या कोपऱ्यातल्या झाडाच्या एका फांदीला हात लावू नका. सुतळी बांधलीय मी तिला.’

‘का गं? काय हाय तिथं?’

‘कोष आहे. सकाळी फुलपाखरू निघणार.’

‘म्हंजी आता मारुतीच्या हारात तुझ्या पाखराची वाटणी व्हय?’

‘एकच फांदी, मामा.’

‘बरं बाई. तुझी फांदी तुला. जा, निवांत झोप.’

निवांत कसली झोपते! उजाडायच्या आधीच उठून कॅमेऱ्यात रोल भरला, कडं घट्ट आहे ना ते पाहिलं आणि मागच्या दाराची कडी काढली. तर समोरून मामाच येताना दिसले. हातात अख्खी फांदी, माझ्या सुतळीसकट. ती त्यांनी अगदी सरळ उभी धरली होती, आणि तुटलेल्या बुडातून पांढरा चीक त्यांच्या कोपरापर्यंत ओघळत होता.

‘हे घे. लाइनीपल्याडच्या बाया आज माझ्याआधीच आल्या व्हत्या. तुझी सुतळी बघतंय कोण? समदं वरबाडून न्हेलं आसतं. म्हनून म्या फांदीच काढून आणली. कोष हाय तसा हाय, बघून घे.’

मी कपाळावर हात मारून घेतला. झाडावरची फांदी आणि तोडलेली फांदी यात माझ्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक. तोडलेली फांदी लगेच मान टाकते, पानं लोंबायला लागतात, कोष जागचा हलतो. शिवाय तुटली की रुई चीक गाळते, आणि तो चीक डोळ्याला वाईट हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मामाही वळता वळता म्हणालेच, ‘हात धू मातुर. डोळ्याला लावू नगंस.’ त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं, की मला ओरडता आलं नाही. आणि ओरडायला सवड तरी कुठं होती? कोषाला खालून चीर पडायला लागली होती.

बादलीत विटा घालून फांदी उभी केली आणि अंगणात पालथी पडले. कॅमेऱ्याला उजवा डोळा लावला. लेन्सपासून कोष चार बोटं. कवच उकललं आणि आत ढकलाढकल सुरू झाली. नेमकं तेव्हाच वरचं एक पान मरगळून खाली आलं आणि कोषावर सावली पडली. आता फांदी फिरवली तर फोकस गेला, डोळा काढला तर क्षण गेला. मी डोळा न काढता डाव्या हातानं चाचपडत ते पान खुडलं. बोटांना ओलं लागलं, ते कळलंही.

मग डोकं बाहेर आलं. मग वाकडेतिकडे पाय, मग पिळून टाकलेल्या फडक्यासारखे पंख. मी श्वास धरत होते, बटण दाबत होते, रोल पुढं सरकवत होते. मी इतकी जवळ होते, की माझा श्वास लागून ते हलत होतं. माझ्या घामानं कॅमेऱ्याच्या आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या काचेवर, वाफ धरली आणि सगळं पुसट झालं. मी अंगठ्यानं आयपीस पुसली आणि डोळा पुन्हा दाबून लावला.

डोळ्याला काहीतरी गार लागलं, बस. आग नाही, चुरचुर नाही. रोल संपेपर्यंत मी जागची हलले नाही. फुलपाखरू रिकाम्या कवचाला लोंबकळून पंख वाळवायला लागलं, तेव्हा कुठं उठून बसले. डाव्या हाताच्या अंगठ्यावर पांढरा चिकट थर होता. तसाच थर आयपीसच्या काचेवर होता. 

आईनं हंडाभर पाण्यानं डोळा धुतला. मी सारखी म्हणत होते, काही होत नाहीये, दुखत नाहीये, आणि खरंच दुखत नव्हतं. दुपारी जेवताना उजव्या बाजूला धुकं आल्यासारखं वाटलं. दिवेलागणीला बल्बकडं पाहिलं तर त्याच्याभोवती रंगीत कडं होतं. डावा झाकला, तर समोर बसलेल्या आईला नाक-डोळे नव्हते.

आप्पांनी रात्रीच डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी डोळ्यात पिवळं औषध घालून निळ्या दिव्यात पाहिलं. बुबुळाला सूज आलीय म्हणाले. हा चीक आधी दुखू देत नाही, माणूस तिथंच फसतो. उतरेल, पण आठवडा लागेल, कदाचित जास्तही. ‘मेडिकल आहे, येत्या शुक्रवारी,’ मी म्हणाले. ‘रेल्वेची. ड्रायव्हरची.’ त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा आप्पांकडं पाहिलं आणि थेंबांचं नाव लिहीत राहिले.

घरी आल्यावर कुणी जेवलं नाही. तारीख पुढं ढकलायला अर्ज करता येतो, असं आप्पांच्या ओळखीच्या एकानं सांगितलं. दुसऱ्यानं सांगितलं, अर्ज केला की डोळ्यात खोट आहे हे आपल्याच हातानं लिहून दिल्यासारखं होईल, मग कोण घेतंय? आप्पा दोघांचं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, ‘शुक्रवारपत्तुर बघू.’ 

ते फोटो कसे आले, असं आजही कुणी कुणी विचारतं. चांगले आले. पण त्या आठवड्यात रोल कॅमेऱ्यातच पडून होता आणि कॅमेरा फळीवर. त्याच्याकडं बघितलं तरी माझ्या डोक्यात तिडीक जायची.

रविवारी सकाळी मामा आले. वाटीत मेंढीचं दूध होतं. डोळ्यावर ठेवलं की थंडावा येतो, आमच्यात असंच करतात, म्हणाले. मी खाटेवर बसले होते. मी म्हणाले, ‘मामा, तुमचा एक उपकार झाला तेवढा बास. फांदी तोडू नका म्हणाले होते ना? तुमच्या त्या फांदीनं माझी नोकरी गेली.’ आई मागून ओरडली, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. मामांनी वाटी उंबऱ्याच्या आत ठेवली, ‘बरं, पोरी,’ म्हणाले आणि गेले. आईनं मला नंतर बरंच सुनावलं. मला काही वाटलं नाही. मला त्या वेळी कुणीतरी धोपटायला हवं होतं, आणि मामा समोर आले होते.

सोमवारपासून आप्पांनी नवा उद्योग काढला. ड्यूटी संपली की अंघोळ न करताच मला घेऊन स्टेशनच्या पुलावर जायचे. मध्यावर उभं करायचे, माझ्या डाव्या डोळ्यावर आपला तळहात ठेवायचे. हाताला ग्रीसचा आणि तंबाखूचा वास. म्हणायचे, ‘सांग.’

‘सिग्नल. लाल.’

‘ते आंधळंबी सांगंल. कडं दिसतंय का?’

‘दिसतंय.’

‘आन् त्या डब्यावरचा आकडा?’

मालगाडीच्या डब्यांवरचे आकडे मला पिठात पडल्यासारखे दिसायचे. मी अंदाजानं सांगायचे. आप्पा तळहात जरा जास्त दाबायचे, जणू डावा घट्ट झाकला की उजव्याला जोर येईल. पुलावरून जाणारी-येणारी माणसं आमच्याकडं बघत जायची. बाप भर रस्त्यात पोरीचा डोळा दाबून उभा आहे, हे कुणालाही विचित्रच वाटलं असतं.

मंगळवारी फरक नाही. बुधवारी तर मला वाटलं, वाढलंय. त्या संध्याकाळी पुलाच्या पायऱ्या उतरताना आप्पा मधेच थांबले आणि कठड्याला टेकून विडी शोधायला लागले. विडी खिशात होती, काडेपेटीही होती. तरी ते दुसराच खिसा चाचपत राहिले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, सरळ सांगून टाकावं, आप्पा, नको मला ते इंजिन. पण सांगितलं नाही, कारण मला ते हवं होतं.

मी दिवसभर दिवा, खिडकी, कॅलेंडर बघत बसायचे. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं तरी लांबच्या पाटीच्या कडा जरा विरघळल्यासारख्या दिसायच्या. सगळं त्या चिकाच्या खात्यावर टाकून मी थेंब घालायची वेळ बघायचे.

गुरुवारी पुलावर उभे राहिलो, आप्पांचा हात माझ्या डाव्यावर आला, आणि मी उजवा उघडला. सिग्नलभोवती कडं नव्हतं. मी विश्वास बसेना म्हणून डोळा मिटून पुन्हा उघडला. कडं नव्हतंच. समोर उभ्या मालगाडीचा आकडा मी वाचला, मग त्याच्या पुढच्या डब्याचा, मग आप्पांनी विचारायच्या आत त्याच्याही पुढचा. आप्पांना ते आकडे स्वतःला नीट लागत होते की नाही कोण जाणे, पण ते प्रत्येक आकड्याला ‘व्हय’ म्हणत होते. घरी जाताना त्यांनी भजी घेतली. वाटेत मामांच्या दारावरून आलो, दार बंद होतं.

शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं निघालो. रेल्वेच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात रांग होती, रांगेत बहुतेक सगळी मुलं. आप्पा बाहेरच थांबले. जाताना म्हणाले, ‘काय इचारलं तर खरं सांग. इंजिनात खोटं चालत न्हाई.’

डॉक्टरांनी विचारलंच, डोळ्याला कधी काही लागलंय का. मी सांगितलं, गेल्या शनिवारी उजव्यात रुईचा चीक गेला होता. त्यांनी भुवया वर केल्या. टॉर्च घेऊन कितीतरी वेळ उजवा डोळा पाहिला, दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही पाहिला. दोघं आपसात बोलत होते ते मला ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं.  शेवटी पहिले म्हणाले, ‘स्वच्छ आहे. वाचा.’

डाव्यावर पुठ्ठा ठेवून मी वाचायला लागले. वरची मोठी अक्षरं, मग बारीक, मग आणखी बारीक. शेवटच्या ओळीतही अक्षर एकही चुकलं नाही. डॉक्टर ‘गुड’ म्हणाले. मला त्या क्षणी एवढा आनंद झाला, की पळत बाहेर जाऊन आप्पांना सांगावंसं वाटलं.

‘आता दुसरा.’

पुठ्ठा उजव्यावर आला. वरची अक्षरं वाचली. मधली वाचली. शेवटच्या ओळीशी आले आणि थांबले. अक्षरं होती, पण एकमेकांना टेकून उभी होती. एकाचं पोट उघडं की बंद, ते ठरत नव्हतं. मी वाचलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा वाचा. मी डोळा चोळला, पुन्हा वाचलं, या वेळी वेगळंच. त्यांनी खुर्ची तपासली, दिवा तपासला, मला पाणी प्यायला लावलं, थोड्या वेळानं पुन्हा बसवलं. तरी तेच.

‘याला काय झालं होतं?’

‘याला काही नाही. चीक उजव्यात गेला होता.’

त्यांनी डाव्यातही टॉर्च मारला. सावकाश, चांगल्या माणसासारखं सांगितलं: याला इजा नाही, हा जरासा कमीच आहे, बहुतेक लहानपणापासून. उजवा चांगला म्हणून कधी कळलं नसेल. एरवी काही अडत नाही, पण या पोस्टला चालणार नाही. मी विचारलं, पुन्हा येऊ का, आठ दिवसांनी? ते म्हणाले, आठ दिवसांनी काय बदलणार आहे?

बाहेर आले तेव्हा आप्पा पायरीवर बसले होते. माझं तोंड बघून उठले.

‘न्हाई ना दिसलं उजव्यानं? त्या मामानं…’

‘उजवा पास झाला, आप्पा. शेवटच्या ओळीपर्यंत.’

‘मंग?’

‘डावा गेला. चिकाचा काही संबंध नाही. तो पहिल्यापासूनच कमी आहे म्हणाले.’

मला रडू येत नव्हतं. संताप येत होता, आणि तो कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. आठवडाभर मी ज्यांना शिव्या घातल्या, त्या मामांचा यात काडीचाही दोष उरला नव्हता.

 आप्पांनी स्वतःच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि समोरच्या भिंतीवरची पाटी वाचायला लागले. ओठ हलत होते, पण पहिलंच अक्षर लागत नव्हतं.

‘माझाबी आसाच हाय की,’ ते म्हणाले. ‘ल्हानपणापासनं. डावा हात कसा उजव्यापरीस कमजोर आसतो? म्या म्हनलं, डोळ्याचंबी तसंच आसंल. समद्यांचंच.’